काठी पाहायची ती शेंबीकडून

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीकडचं जुनं घर आवरताना माळ्यावर पणजोबांच्या तीन काठ्या निघाल्या. एक काळी, चांदीच्या मुठीची. दुसरी वेताची, पांढऱ्या मुठीची. तिसरी जाडसर, जिची मूठ किंचित हलते. सोबत एक लाकडी फणेरपेटी, म्हणजे बायकांची फणी-कुंकवाची पेटी, कुंकवाचा करंडा आणि सारीपाटाच्या सोंगट्या. हे खरंच जुनं आहे का, पॉलिश करून घ्यावं का, किंमत किती येईल आणि यातूनच पुढे संग्रह वाढवायचा तर कसा, असं विचारलं आहे. अमेरिकेतल्या बहिणीला एक काठी द्यायची आहे, हेही ओघात आलं आहे.

पॉलिशचं आधी सांगतो, कारण बाकीच्या प्रश्नांना सवड आहे, याला नाही. सुतार कितीही ओळखीचा असू दे, तूर्त त्याच्या हातात काही देऊ नका. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की वस्तू छान दिसते आणि तिचं वय सांगणारं जे काही वर होतं ते भुशाबरोबर जातं. जुन्या लाकडाच्या वस्तूची ओळख लाकडात असते त्याहून जास्त तिच्या झिजेत असते. खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक ही झीज कशी वाचायची याबद्दलच आहे.

काठी हातात आली की लोक आधी मूठ बघतात. मी ती उलटी करतो. टोकाची पितळेची किंवा लोखंडाची टोपी, म्हणजे शेंबी, खोटं बोलायला सगळ्यात कठीण. चालताना आपण काठी सरळ उभी टेकत नाही, ती तिरकी जमिनीला लागते. त्यामुळे एकाच माणसानं वर्षानुवर्षं वापरलेल्या काठीची शेंबी एका अंगानं झिजते, बोरूच्या टोकासारखी तिरपी होते. कानशीनं घासून ‘जुनी’ केलेली शेंबी चहूबाजूंनी सारखी झिजलेली असते आणि भिंगाखाली तिच्यावरच्या रेषा एकाच दिशेला जाताना दिसतात. खऱ्या शेंबीवरचे ओरखडे आडवेतिडवे, खोल-उथळ असतात. तुमच्या घराभोवती जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, असणार. तिथं चढउतार केलेल्या काठीच्या शेंबीच्या सांध्यात तांबडी माती अडकून घट्ट झालेली सापडण्याचा संभव आहे. ती टोचून काढू नका. ही काठी याच घरात वापरली गेली, याचा तो पुरावा आहे.

आता मुठीकडे या. मूठ आडवी किंवा वाकडी असेल तर ती हातात एकाच रीतीनं बसते. तशी धरा आणि शेंबीची झिजलेली बाजू कुठे येते ते पाहा. अंगठ्यानं गुळगुळीत केलेली जागा आणि शेंबीचा तिरपेपणा यांचा मेळ बसला पाहिजे. बसत नसेल तर दोन काठ्यांचे भाग एकत्र आलेले असतात, किंवा मूठ निखळल्यावर कुणीतरी ती फिरवून चिकटवलेली असते. गोल मुठीला अशी दिशा नसते. तिथे नक्षी बघावी. तळवा टेकतो तिथे ती पुसट आणि खालच्या खाचांत तीक्ष्ण हवी. सगळीकडे सारखी पुसट नक्षी म्हणजे साच्यातून काढलेली ओतीव नक्कल, असा मी आधी संशय घेतो.

लांबीही मोजा. विलायती धर्तीच्या पुरुषी काठ्या साधारण ३४ ते ३६ इंच असत. तुमची बरीच आखूड भरली तर ती पुढच्या पिढीतल्या बुटक्या वारसासाठी खालून कापली असू शकते. काठी खाली निमुळती होत जाते आणि शेंबी त्या जाडीला बेतून केलेली असते. कापल्यावर नवी, रुंद शेंबी बसवावी लागते, त्यामुळे ते ओळखू येतं. याने किंमत थोडी उतरते. मला स्वतःला अशा काठ्या जास्त आवडतात, पण बाजाराला आवडत नाहीत.

चांदीच्या मुठीची काठी. मुठीच्या कडेला किंवा खालच्या कड्यावर बारीक शिक्के आहेत का ते दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. चालणारा सिंह असेल तर चांदी इंग्लंडात तपासलेली आहे, हजारात ९२५ भाग शुद्ध. सोबत बिबट्याचं तोंड असेल तर तपासणी लंडनची, जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, मुकुट असेल तर शेफील्डची. एक सुटं अक्षर असतं, ते वर्षाचं. राजाचं किंवा राणीचं मस्तक हा कर भरल्याचा शिक्का १७८४ ते १८९० या काळातच मारला जाई, म्हणून ते दिसलं तर चांदी १८९० नंतरची नाही एवढं लगेच कळतं. मात्र हे वय चांदीचं आहे, काठीचं नाही. मूठ जुनी आणि दांडा नवा, हा प्रकार भरपूर.

शिक्के नसले म्हणून नाराज होऊ नका. आपल्याकडच्या जुन्या चांदीवर शिक्के सहसा नसतातच. कच्छच्या कारागिरांनी पानाफुलांची, शिकारीच्या चित्रांची दाट उठावदार नक्षी केलेल्या वस्तू युरोपियनांसाठी भरपूर घडवल्या, आणि त्यातही भूजच्या उमरशी मावजी यांच्या कामावर ‘ओ एम’ अशी रोमन अक्षरं सापडतात. पण हल्ली ती अक्षरं ठोकलेल्या नकलाही फिरतात. अक्षरं पाहून नाही, नक्षीतल्या हरणाचे डोळे आणि पानांच्या शिरा पाहून ठरवावं.

चांदीची मूठ बहुधा पोकळ असते. पातळ पत्रा ठोकून आकार दिलेला आणि आत लाख किंवा राळ भरलेली. आपल्या चोपदारांच्या हातातला दंडही याच रीतीचा, आत लाकूड आणि वर चांदीचा पत्रा. वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदारानं दंड वर केला की टाळमृदंग थांबतात, तो हाच प्रकार. सांगायचा मुद्दा असा की मूठ जड लागते ती चांदीमुळे नाही, आतल्या लाखेमुळे. सराफ वजनावर भाव सांगेल तेव्हा तो आतली लाख वजा करणारच, आणि ते करायला मूठ तापवावी लागते. तापवली की संपलं. सराफाकडे जाऊच नका. उन्हात, गॅसजवळ किंवा बंद मोटारीतही ही काठी ठेवू नका; लाख पाझरते आणि मूठ डुगडुगायला लागते. काळवंडलेली चांदी मऊ कोरड्या फडक्यानं हलकेच पुसली तरी पुरे. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काही लावायचं नाही. खाचांतला काळेपणा राहू द्या, नक्षी त्यामुळेच उठून दिसते.

दांडा काळा आहे म्हणजे आबनूस असेलच असं नाही. कड्याच्या आतली किंवा शेंबीजवळची न दिसणारी जागा उजेडात धरा. जांभळट-तपकिरी रेषा दिसल्या तर शिसवी. एकसारखं काळं, थंडगार आणि हाताला दगडासारखं जड लागलं तर आबनूस. ते पाण्यात बुडण्याइतकं घन असतं (म्हणून पाण्यात टाकून बघायला जाऊ नका). आणि टवका उडालेल्या जागी आतून फिकट लाकूड दिसलं तर साधं लाकूड काळं रंगवलेलं. तेही कमी प्रतीचं समजू नका, विलायतेतल्या नामांकित दुकानांतही अशा काठ्या होत्या.

दुसरी, वेताची. तिच्यावर पेरं मोजा. आपल्याकडच्या वेताला थोड्या थोड्या अंतरावर पेरांच्या गाठी असतात. मूठ ते शेंबी एकही गाठ नसेल, एका बाजूनं अंगचा बारीक कणा गेलेला असेल आणि रंग तपकिरी ढगाळ असेल, तर तो मलाक्का वेत. हा मुख्यतः सुमात्राकडचा, मलाक्का बंदरातून व्यापार होई म्हणून ते नाव. एका लांबलचक पेराची काठी निघते हेच त्याचं मोल. त्यावर पॉलिश नसतंच, वेताची स्वतःची कातच चमकते, आणि ती खरवडली की पुन्हा येत नाही.

तिची पांढरी मूठ मात्र जपून हाताळण्याचा विषय आहे. हस्तिदंत, हाड, सांबरशिंग की सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक? हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा असतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्यांच्या. सेल्युलॉइडच्या नकलेत रेषा असतात पण अगदी समांतर, छापल्यासारख्या. अंगठ्यानं जोरात चोळलं की कापराचा मंद वास येतो. तापलेली सुई टोचून बघण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. सांबरशिंगाला बाहेरून सालीसारखा खडबडीतपणा असतो. म्हशीचं शिंग काळं, पापुद्र्यांचं आणि पातळ कडेला उजेड आरपार जाऊ देणारं. विजयदुर्गाकडे शिंगाच्या वस्तू करण्याचं काम प्रसिद्ध आहे, आणि म्हशीच्या शिंगाला कायद्याची आडकाठी नाही.

हस्तिदंत निघाला तर आडकाठी आहे, आणि ती गंभीर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताच्या देशांतर्गत व्यापारावर बंदी आली, १९९१च्या दुरुस्तीनं आफ्रिकी हस्तिदंतही त्यात आला. वस्तू शंभर वर्षांची आहे, आजोबांची आहे, हा बचाव विक्रीला चालत नाही. वारसाला ती ठेवता येते, पण वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते, आणि पूर्वजांच्या नावे मालकीचं प्रमाणपत्र होतं का हा प्रश्न येतोच. घरातली जुनी कागदपत्रं आधी चाळा, मग वन खात्याच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारा. तोवर त्या काठीचा फोटो विक्रीसाठी कुठेही टाकू नका. सांबरशिंगाच्या मुठीलाही व्यापाराची हीच बंदी लागू आहे, जरी जुन्या बाजारात ती उघड्यावर मांडलेली दिसते.

तिसरी, हलणाऱ्या मुठीची जाडसर काठी. ती बहुधा गुप्ती आहे, म्हणजे आत पातं लपवलेली काठी. मुठीच्या खाली, कड्याच्या आड केसाएवढी फट गोल फिरलेली दिसते का पाहा. काठी तोलून बघा, वजन वरच्या अंगाला जास्त लागतं. असेल तर ओढून काढण्याचा उत्साह दाखवू नका. गंजून धरलेलं पातं जोर लावला की म्यानाच्या लाकडासह फुटतं, आणि न फुटता सटकन बाहेर आलं तर हाताचं काय होईल ते सांगायला नको. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार हत्यारांच्या वर्गात गुप्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. पात्याची लांबी ९ इंचांहून जास्त असली की ती त्या वर्गात मोडते. ती घेऊन प्रवास करू नका, कुणाला देऊ नका. गावच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पुढे काय करायचं ते ठरवा. गुप्ती म्हणजे घरचा खजिना नव्हे, डोकेदुखी आहे, असं माझं स्पष्ट मत.

बहिणीचं इथंच उरकतो. १९७२च्या पुरावशेष कायद्यानं, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून अलीकडची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घेता येतं. शिसवीचं लाकूड आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत असल्यानं तेही आडवं येऊ शकतं. बहिणीला काठीचे चांगले फोटो पाठवा, काठी घरातच राहू दे.

आता करंडा. कातीव काम, म्हणजे लाकूड चरकावर फिरवून घडवलेलं काम, ओळखायला याच्याइतकी चांगली वस्तू नाही. कातारी चरकावर करंडा काततो तेव्हा तो अगदी गोल असतो. पण लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, आणि ते धाग्याच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, दिशेला जवळजवळ आकसत नाही, धाग्याच्या आडवं जास्त आकसतं. म्हणून आडव्या धाग्याच्या लाकडातून कातलेला जुना करंडा हळूहळू लंबगोल होतो. कॅलिपर लावून तोंडाचा व्यास आधी धाग्याच्या रेषेत मोजा, मग काटकोनात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर काळजी करू नका, खूश व्हा. झाकण एकाच ठिकाणी नीट बसतं आणि फिरवलं की अडकतं, हेही त्याचंच लक्षण. बाजारातला ‘दोनशे वर्षांचा’ करंडा कुठूनही मोजला तरी तंतोतंत गोल भरला की मी तो शांतपणे खाली ठेवतो.

करंड्यावर लाखेचे रंगीत पट्टे असतील तर सावंतवाडीचं काम असण्याची शक्यता आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. लाखेला स्पिरिट लागू देऊ नका, ती विरघळते. हँड सॅनिटायझर लावलेले हातसुद्धा नकोत.

फणेरपेटीत झाकणाच्या आत आरसा असेल. काठाकडून राखाडी, दाणेदार डागांनी खराब होत आलेला आरसा कथिल-पाऱ्याच्या लेपाचा असू शकतो. त्याची मागची बाजू खरवडू नये आणि पेटी उलटी ठेवू नये, पारा खरोखर गळतो. नवा आरसा तर मुळीच बसवू नका. खणांच्या तळाशी बोट फिरवा. कुंकू लावण्याआधी कपाळाला मेण लावायची पद्धत होती. त्या मेणाचा पिवळट थर एका खणात आणि शेजारच्या खणाच्या सांध्यात कुंकवाचा गडद लाल रंग मुरलेला, असं सापडलं तर कुणा बाईनं ही पेटी रोज उघडली होती हे वेगळ्यानं सिद्ध करायला नको. धुऊन स्वच्छ केलेल्या पेटीला हे सांगता येत नाही.

कीड आहे का ते मात्र लगेच पाहा. भोकं जुनी असतात, प्रश्न ती चालू आहेत का हा असतो. वस्तू काळ्या कागदावर महिनाभर ठेवा. कागदावर ताजं, फिकट पीठ पडलं तर भिरूड जिवंत आहे. ज्या वस्तूवर लाख, चांदी, आरसा, हस्तिदंत यातलं काही नाही ती प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली की अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर दिवसभर प्लॅस्टिक उघडायचं नाही, नाहीतर घाम धरतो. बाकीच्या वस्तू जाणत्याकडे न्या. खोबरेल तेल चोळण्याचा मोह सगळ्यांना होतो. ते खवट होतं, चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीला पंगतच मिळते. फारच कोरडं पडलेलं लाकूड असेल तर मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात पुरतो. एसीच्या झोतासमोर काही ठेवू नका. कोकणातून थेट पुण्याच्या उन्हाळ्यात आणलेली पेटी फटकन तडकते. आणायचीच तर पावसाळा संपता संपता आणा.

संग्रह वाढवायचं म्हणता. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार बघून या, पण सुरुवातीला पाकीट घरी ठेवून. तिथे तुम्हाला तीन तुकड्यांत पितळी आट्यांनी जोडलेल्या काठ्या दिसतील, मुठीत दुर्बीण किंवा होकायंत्र, त्यावर लंडनच्या जुन्या कंपनीचं नाव आणि सालसुद्धा कोरलेलं. या सहारनपूर-रुरकी पट्ट्यात आजही तयार होतात. तुकडे होतात ते खोक्यात मावावेत म्हणून. शोभेची वस्तू म्हणून घ्या, तेवढेच पैसे द्या. चहाच्या पाण्यात भिजवलेलं, बूट पॉलिश चोळलेलं, खिळ्यानं भोकं पाडलेलं लाकूडही दिसेल. भोकात बारीक लवचीक तार घाला: किडीचा बोगदा वळतो, तार अडते, ड्रिलचं भोक सरळ असतं. आणि कोरीव कामाच्या पृष्ठभागावर किडीचे बोगदे उभे चिरल्यासारखे, पन्हळीसारखे उघडे पडलेले दिसले तर समजा की लाकूड जुनं, कीडही जुनी, पण कोरीव काम त्यानंतरचं. जुन्या तुळईतून नवा गणपती असाच निघतो.

पाडलेल्या वाड्यांचे तुकडे, म्हणजे केळफुलं, महिरपी, सुरूच्या घाटाचे खांब, हे तिथे मुबलक. मी ते घेत नाही. वाडा कुठला हे विक्रेत्याला सांगता येत नाही, किंवा सांगायचं नसतं, आणि मग हातात राहतं ते नुसतं सुंदर लाकूड. शिवाय लाकडी शिल्पं पुरावशेष कायद्याच्या नोंदणीत येतात, तेव्हा देवदेवतांची जुनी कोरीव पाटी घेताना विक्रेत्याचा परवाना आणि नोंदणीचा कागद मागायलाच हवा. मला विचाराल तर एकच प्रकार धरा आणि घराजवळचा धरा: कोकणातल्या काठ्या, नाहीतर फक्त करंडे. डोळा तयार करायला पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६-१९९०) अडकित्ते, वज्री, फण्या, दिवे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. तिथे एका वस्तूसमोर थांबून ती कुठे झिजली आहे तेवढंच बघत जा. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२) एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरीसाठी पाहावं.

किंमत. हस्तिदंत आणि गुप्ती विक्रीच्या विचारातून बाजूला काढा. चांदीच्या काठीची किंमत शिक्के, दांडा मूळचा आहे की नाही आणि ती कुणाची होती याचा पुरावा यावर ठरते, आणि पुरावा तुमच्याकडे आहे, व्यापाऱ्याकडे नाही. पणजोबांचा ती काठी हातात असलेला एखादा फोटो, त्यांच्या नोकरीचा कागद, आत्याला आठवणारी एखादी गोष्ट, हे सगळं तारीख घालून लिहून ठेवा. वस्तूवर चिकटपट्टी लावायची नाही. सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा.

राहिल्या सोंगट्या. सारीपाटाला चार रंगांच्या चार-चार, मिळून सोळा लागतात. तुमच्याकडे किती आहेत ते लिहिलेलं नाही. कमी असल्या तर माळ्यावरच्या फटी, धान्याची कोठारं, जुने पत्र्याचे डबे पुन्हा एकदा बघा. लहान मुलांनी त्या कुठे नेऊन टाकल्या असतील याचा नेम नाही. फासे सापडले तर ते हाडाचे की दंताचे हे वर सांगितल्याप्रमाणे तपासा. एखादी सोंगटी कायमची गेली असेल आणि खेळायला म्हणून नवी कातून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, सावंतवाडीत करून मिळेल. फक्त तिच्या बुडाला यंदाचं साल कोरायला सांगा.